सेकंडहँड मॉडेल रेल्वे ऑनलाइन घेताना: जाहिरात कशी वाचायची, भाव कसा ठरवायचा

‘दुर्मिळ! हॉर्नबी फ्लाइंग स्कॉट्समन, ओओ/एचओ, डीसीसी, व्हिंटेज, उत्तम स्थिती, तपासलेलं नाही. 120 पौंड, टपालखर्च वेगळा.’

हॉर्नबी या ब्रिटिश कंपनीच्या मालाच्या अशा जाहिराती ब्रिटिश ईबेवर पोत्यानं सापडतात. या एका ओळीत सहा दावे आहेत आणि बहुतेक वेळा त्यातले चार-पाच तरी टिकत नाहीत. विकणारा दर वेळी लबाडच असतो असं नाही. आजोबांच्या माळ्यावरचं खोकं विकणाऱ्या नातवाला ओओ आणि एचओ या दोन स्केलांतला फरक कुठून ठाऊक असणार? तो दुसऱ्यांच्या जाहिराती बघतो आणि तेच शब्द, तोच भाव उतरवून काढतो. पण चूक अज्ञानाची असो की हेतूची, पैसे तुमच्याच खिशातून जातात. म्हणून वस्तू ओळखण्याचं काम विकणाऱ्यावर सोडू नका.

इथे मुख्यतः ब्रिटिश ओओ मालाबद्दल लिहिलं आहे, कारण सेकंडहँड बाजारात तोच ढिगानं आहे आणि घोळही त्यातच जास्त. मार्कलिन ही जर्मन कंपनी आणि अमेरिकी-जपानी सेट यांच्याबद्दल पुढे थोडक्यात.

पहिली पायरी: हे नक्की कोणतं मॉडेल?

भाव बघण्याआधी हे ठरवा. एकाच नावाचं इंजिन एकाच कंपनीनं अनेक पिढ्यांमध्ये काढलेलं असतं. बाहेरचा रंग आणि नंबर तोच, आतला माल पूर्ण वेगळा.

फ्लाइंग स्कॉट्समन या प्रसिद्ध ब्रिटिश वाफेच्या इंजिनाचंच घ्या. ट्रायँग हॉर्नबीनं (तेव्हाचं कंपनीचं नाव) ते 1968 मध्ये आर 855 या क्रमांकानं काढलं, तेव्हा मोटर इंजिनात होती. पुढे मोटर टेंडरमध्ये गेली, म्हणजे मागची कोळशाची गाडी ढकलते आणि इंजिन नुसतं घरंगळतं. 2000 नंतरच्या दशकात नव्या साच्याचं, बारीक तपशिलांचं मॉडेल आलं आणि मोटर पुन्हा इंजिनात बसली. यांशिवाय ‘रेलरोड’ नावाची स्वस्त मालिका आहे, तिच्यात तपशील कमी असतात. फोटोत सगळी हिरवी, सगळ्यांवर 4472. आणि दुर्मिळ म्हणाल, तर हॉर्नबीनं या इंजिनाच्या इतक्या आवृत्त्या काढल्या आहेत, की त्याच्या नावापुढे हा शब्द दिसला की जाहिरात दुप्पट काळजीनं वाचावी. इंटरसिटी 125 या ब्रिटिश वेगवान गाडीचे सेट आणि ‘स्मोकी जो’ हे छोटं चार चाकी इंजिन यांचीही तीच कथा.

ओळख पटवायचे मार्ग असे. हॉर्नबीच्या मालाला ‘आर’नं सुरू होणारा क्रमांक असतो, तो बॉक्सच्या टोकावरच्या लेबलवर छापलेला असतो. त्या लेबलचा स्पष्ट फोटो मागा आणि क्रमांक स्वतः शोधा. पण लेबलवर विसंबून राहू नका, कारण बॉक्स एकाचा आणि आतलं इंजिन दुसऱ्याचं हा प्रकार फार चालतो. लेबलवर छापलेला इंजिन नंबर आणि कॅबच्या बाजूवरचा नंबर जुळतो का ते बघा. उत्पादनाचा देशही उपयोगी पडतो: हॉर्नबीचं उत्पादन 1990 च्या दशकात इंग्लंडमधल्या मार्गेटहून चीनला गेलं, त्यामुळे ‘1970 चं व्हिंटेज’ म्हणून विकलेल्या मालावर चीनचं नाव असेल तर प्रश्न तिथेच मिटला.

डब्यांसाठी पट्टी पुरते. ब्रिटिश रेल्वेचा खरा मार्क 3 डबा सुमारे 23 मीटरचा. ओओत, म्हणजे 1:76.2 प्रमाणात, तो साधारण 300 मिमी यायला हवा. हॉर्नबीचे जुने मार्क 3 डबे आखूड केलेले होते आणि ते करताना एक खिडकीच गाळली होती. पूर्ण लांबीच्या डब्यांशेजारी हे लावले की गाडी विचित्र दिसते. खेळायला हरकत नाही, पण पूर्ण लांबीच्या डब्याचा भाव त्यांना देऊ नका.

आता ज्या गोष्टी वर्णनात कधीच येत नाहीत त्या.

मेनलाइन आणि बाकमन या कंपन्यांची सुरुवातीची इंजिनं ‘स्प्लिट चासी’ची, म्हणजे दुभंगलेल्या सांगाड्याची असतात. चासीचे दोन धातूचे अर्धे, प्रत्येक अर्धा एका रुळाची वीज वाहतो, आणि दोन्ही बाजूंची चाकं मधल्या प्लॅस्टिकच्या नळीनं जोडलेली. हे प्लॅस्टिक वयानं तडकतं. मग एका बाजूचं चाक दुसऱ्याच्या तुलनेत फिरतं, जोडदांड्यांचा मेळ बिघडतो, इंजिन लंगडतं आणि शेवटी अडकतं. त्यात डीसीसी (रुळांतून डिजिटल संदेश पाठवून गाडी चालवायची पद्धत) बसवणंही सोपं नाही, कारण मोटर आधी चासीपासून वेगळी करावी लागते. खालून काढलेल्या फोटोत चासीच्या मधोमध उभी फट दिसली तर हाच प्रकार.

दुसरी गोष्ट झिंकच्या ओतकामाची सड, जिला छंदी लोक ‘मॅझॅक रॉट’ म्हणतात. झिंकच्या मिश्रधातूत शिशासारखी अशुद्धी राहिली की तो आतून फुगतो, भेगाळतो आणि शेवटी चुरा होतो. युद्धपूर्व ‘हॉर्नबी डब्लो’ मालिकेत हे आढळतंच, पण फक्त जुन्याच मालात होतं असं समजू नका. 2000 नंतरच्या दशकातल्या हॉर्नबी क्लास 31 डिझेलच्या सुरुवातीच्या खेपा यासाठी कुप्रसिद्ध आहेत. खुणा: बॉडीच्या टोकांना भेग, कॅब बाहेर ढकलल्यासारखी, चासी केळीसारखी वाकलेली. याला औषध नाही. चासी बदलणं एवढाच उपाय, आणि बदली चासी मिळायला हवी.

तिसरी गोष्ट चाकांची कड. जुन्या ट्रायँग आणि लिमा या कंपन्यांच्या चाकांच्या कडा खोल असतात. जुन्या जाड रुळांवर चालतात, पण पेको कंपनीच्या कोड 75 सारख्या बारीक रुळांवर रूळ धरणाऱ्या खुंट्यांवर टकटक आपटतात आणि सांध्यांवर (रूळ बदलायच्या जागी) उड्या मारतात. इंजिनात दोष नाही, तुमच्या रुळांशी त्याचं जमत नाही. ‘उत्तम चालतं’ हे विकणाऱ्याचं वाक्य त्याच्या रुळांपुरतं खरं असू शकतं.

स्केलचा घोळ

ओओ म्हणजे 1:76.2, एचओ म्हणजे 1:87, आणि दोन्ही 16.5 मिमी रुंदीच्या रुळांवर धावतात. त्यामुळे ‘ओओ/एचओ’ हे लेबल रुळांपुरतं बरोबर, गाडीबद्दल काहीच सांगत नाही. लिमानं 1970 च्या दशकात काही ब्रिटिश गाड्या एचओत काढल्या आणि मग ओओकडे वळली. आजही त्या जुन्या गाड्या ओओ म्हणून विकल्या जातात. शेजारी ठेवल्या की एक गाडी दुसरीची धाकटी भावंडं ओढत असल्यासारखी दिसते. ट्रायँगचं जुनं टीटी (3 मिमीला एक फूट) आणि हॉर्नबीनं 2022 मध्ये आणलेलं टीटी 1:120 या दोघांचे रूळ 12 मिमी, पण प्रमाण वेगळं. एन गेजमध्ये रूळ 9 मिमी, प्रमाण मात्र ब्रिटनमध्ये 1:148 आणि युरोपात 1:160. शंका आली तर विकणाऱ्याला टोकापासून टोकापर्यंतची लांबी मिलिमीटरमध्ये विचारा. खऱ्या गाडीच्या लांबीला या लांबीनं भागा. उत्तर 76 च्या जवळ की 87 च्या, कळतंच.

शब्दांमागचा अर्थ

‘तपासलेलं नाही’ हा सगळ्यात महाग शब्द. साधं डीसी (रुळांतल्या व्होल्टेजनं वेग ठरणारं) इंजिन तपासायला ट्रॅकही लागत नाही. 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी डाव्या-उजव्या चाकांना टेकवली की चाकं फिरतात, की काम झालं. ज्या विक्रेत्याच्या खात्यावर शेकडो गाड्यांची विक्री दिसते, त्यानं हे केलेलं नसेल यावर विश्वास ठेवू नका. बोली लावताना इंजिन बंद आहे असंच धरा.

यात नवशिक्याच्या फायद्याचीही एक फट आहे. टेंडरमध्ये मोटर असलेली जुनी हॉर्नबी इंजिनं एका रुळाची वीज इंजिनाच्या चाकांतून आणि दुसऱ्या रुळाची टेंडरच्या चाकांतून घेतात. दोघांना जोडणारी दांडी सुटली की इंजिन मेल्यासारखं दिसतं. ‘बंद आहे, सुट्या भागांसाठी’ म्हणून विकलेलं असं इंजिन दांडी जोडताच चालू होऊ शकतं. फोटोत टेंडर वेगळं ठेवलेलं असेल तर याकडे लक्ष द्या. पण दांडीच हरवली असेल, किंवा टेंडर दुसऱ्याच इंजिनाचं असेल, तर स्वस्तातही घेऊ नका.

‘डीसीसी’ या एका शब्दाचे तीन अर्थ होतात. ‘डीसीसी रेडी’ म्हणजे आत फक्त सॉकेट, डीकोडर (डीसीसीचे संदेश वाचणारी चिप) तुम्ही घ्यायचा. ‘डीसीसी फिटेड’ म्हणजे डीकोडर बसवलेला. ‘डीसीसी साउंड’ म्हणजे आवाजाचा डीकोडर आणि स्पीकर. किमतीत फार फरक, म्हणून नेमकं विचारा: सॉकेट किती पिनांचं, 6, 8, 18 की 21? डीकोडर कोणत्या कंपनीचा, पत्ता, म्हणजे त्या इंजिनाला हाक मारायचा क्रमांक, कोणता ठेवलाय? कारखान्यातून पत्ता 3 असतो. बदललेला असेल आणि विकणाऱ्याला आठवत नसेल तर डीकोडर रिसेट करावा लागतो. ‘डिजिटल’ शब्दापासून आणखी सावध. हॉर्नबीची झीरो 1 ही 1980 च्या आसपासची पद्धत डिजिटल होती, पण आजच्या डीसीसीशी तिचं काही जुळत नाही.

‘मर्यादित आवृत्ती’ म्हटलं की प्रमाणपत्रावरचा आकडा बघा. हजार-दोन हजार प्रती निघाल्या आणि बहुतेकांनी त्या बॉक्समध्येच जपून ठेवल्या, तर त्या आजही बाजारात मुबलक असतात. ‘व्यावसायिक वेदरिंग’ म्हणजे मुद्दाम चढवलेली धूळ-काजळी. चांगलं काम असेल तर भाव वाढतो, पण त्याखाली ओरखडे आणि गोंदाचे डागही झाकता येतात. वेदरिंगआधीचा फोटो मागून बघा, मिळत नाही. रेन या कंपनीच्या जुन्या मॉडेलांत भावाचा मोठा हिस्सा बॉक्सचा असतो, आणि हुबेहूब नवे छापलेले बॉक्स उघडपणे विकत मिळतात. त्यामुळे पुठ्ठा फारच कोरा करकरीत दिसला तर बॉक्सचे पैसे वेगळे मोजू नका.

फोटो आणि प्रश्न

विक्रेता फोटो कुठल्या बाजूनं काढतो यापेक्षा कुठल्या बाजूनं काढत नाही हे बघा. एकाच बाजूचे पाच फोटो असतील तर दुसऱ्या बाजूची पायरी, पाइप किंवा हँडरेल गेलेली असण्याची शक्यता मोठी. बफर मोजा. कॅबच्या काचा आहेत का, जोडदांडे दोन्ही बाजूंना आहेत का, दोन्ही टोकांचे कपलिंग आहेत का. खिडक्यांभोवती किंवा सांध्यावर पांढरट धूसर डाग दिसला तर तिथे सुपरग्लू वापरलाय. कंपनीच्या कॅटलॉगमधला फोटो लावलेला असेल तर खऱ्या वस्तूचा फोटो आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

विचारायचं ते एकाच संदेशात, थोडक्यात विचारा म्हणजे उत्तर मिळतं:

- खालून, चाकं दिसतील असा फोटो मिळेल का?
- पुढे आणि मागे, हळू वेगात, किमान एक मीटर चालतानाचा व्हिडिओ आहे का? दिवे असतील तर तेही लागलेले.
- काय मोडलंय, काय चिकटवलंय, काय गायब आहे? सुट्या तपशिलांची पिशवी सोबत आहे का?
- नंबर किंवा नावाची पाटी बदललेली आहे का?

उत्तरं जाहिरातीच्या साइटवरच्या संदेशांतूनच घ्या. व्हॉट्सॲपवर मिळालेला शब्द पुढे वाद झाला तर साइट धरत नाही. ‘मला यातलं काही कळत नाही’ असं उत्तर आलं तर ठीक, पण मग भावही ‘काही कळत नाही’चाच द्या.

भाव

जाहिरातीतला भाव म्हणजे विकणाऱ्याची इच्छा. ईबेवर शोध घेऊन ‘विकलेल्या वस्तू’ हा फिल्टर लावा, मागच्या सुमारे 90 दिवसांत लोकांनी प्रत्यक्ष काय मोजलं ते दिसतं. दोन गोष्टी सांभाळा. ‘पूर्ण झालेल्या’ यादीत न विकलेलेही मोडतात, ती वेगळी. आणि किमतीवर आडवी रेघ मारलेली असेल तर विक्री त्याहून कमी भावात, ऑफर स्वीकारून झालेली आहे.

पाच-सहा विक्री मिळाल्या की सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची सोडा, मधल्यांचा अंदाज घ्या, पण त्याच आर क्रमांकाच्या आणि त्याच स्थितीच्या मालाचा. मग नवा माल काय भावानं मिळतो ते बघा. हे आश्चर्य वाटेल इतक्या वेळा राहून जातं. चालू मालिकेतलं इंजिन नवं, हमीसह मिळत असताना लोक जुन्याला तेवढेच पैसे देतात. रुळांच्या गठ्ठ्यात तर हे नेहमीचंच. हॉर्नबीचा आर 600 हा सरळ तुकडा 168 मिमी, आर 601 हा 335 मिमी, आर 606 हा दुसऱ्या त्रिज्येचा (438 मिमी) वक्र. गठ्ठ्यातले तुकडे मोजा, एका तुकड्याचा भाव काढा, नव्याशी ताडून पाहा. त्यात जुने ‘सुपर 4’ किंवा ‘सिस्टिम 6’चे रूळ मिसळलेत का, जोडपट्ट्या सैल किंवा गायब आहेत का, रूळ पोलादी आहेत का, हे विचारा. पोलादी रुळांना चुंबक चिकटतो आणि ते गंजतात. निकेल सिल्व्हरला चुंबक चिकटत नाही आणि रंग किंचित पिवळसर असतो. दमट हवेत, कोकणात किंवा मुंबईत, पोलादी रूळ फुकट मिळाले तरी विचार करा.

एकूण खर्चात टपाल, साइटचं शुल्क आणि भारतात मागवत असाल तर सीमाशुल्क धरा. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्क्यांवर आणि 2023 मध्ये 70 टक्क्यांवर नेलं होतं. वैयक्तिक पार्सलला वेगळा दर लागू शकतो आणि दर बदलतात, म्हणून चालू दर बघितल्याशिवाय परदेशी बोली लावू नका. 40 पौंडांचं ‘स्वस्त’ इंजिन दारात येईपर्यंत दुपटीला जाऊ शकतं.

लिलावात कमाल आकडा आधी कागदावर लिहा आणि शेवटच्या काही सेकंदांत एकदाच टाका. लवकर टाकलेली बोली दुसऱ्यांना तुमची हद्द चाचपायला वेळ देते. आकडा ओलांडला गेला तर जाऊ द्या. फ्लाइंग स्कॉट्समन पुढच्या आठवड्यात पुन्हा येईल.

पैसे आणि पॅकिंग

साइटबाहेर, बँकेत थेट किंवा पेपालच्या ‘मित्र आणि कुटुंब’ पर्यायानं पैसे पाठवू नका, तिथे खरेदीदाराला संरक्षण नाही. समाजमाध्यमांवरच्या गटांत हाच आग्रह जास्त होतो: ‘शुल्क वाचेल, थोडं कमी करतो.’ वाचतं ते त्याचं शुल्क, जातो तो तुमचा दावा.

पॅकिंगबद्दल आधीच सांगा. मूळ बॉक्स हेच पॅकिंग समजून वर खाकी कागद गुंडाळणारे बरेच असतात. जड धातूची चासी आत हलली की आपल्याच वजनानं बफर आणि पायऱ्या तोडते. मूळ बॉक्स दुसऱ्या खोक्यात, सगळ्या बाजूंनी किमान 5 सेंमी भरण, एवढं मागणं वावगं नाही.

पार्सल आल्यावर

खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा, पत्त्याचं लेबल दिसेल असा. मग चालवण्याची घाई न करता आधी नुसतं बघा. बोटानं चाकं हलकेच फिरवा. अडखळली तर जोर लावू नका: वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या इंजिनात तेल घट्ट होऊन डिंकासारखं बसतं, आणि तशीच वीज दिली तर मोटर तापते. मोटरनं चालणाऱ्या चाकांवर रबरी टायर असतील तर ते कडक झालेत का पाहा; हे स्वस्तात बदलता येतात, त्यासाठी माल परत करायची गरज नाही. चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर कॅलिपरनं मोजा. आजच्या ओओला ते साधारण 14.4 ते 14.5 मिमी लागतं. कमी असेल तर गाडी सांध्यावर चढेल.

मग 9 व्होल्टची बॅटरी. चाकं फिरली तर साध्या डीसी कंट्रोलरवर, डीसीसी ट्रॅकवर नव्हे, हळूहळू वेग वाढवत पाच मिनिटं एका दिशेनं आणि पाच मिनिटं उलट दिशेनं. धूर, जळका वास किंवा हाताला चटका बसेल इतकी ऊब आली की थांबा. जुन्या इंजिनात नवा डीकोडर घालायचा विचार असेल तर आधी मोटर अडकल्यावर किती प्रवाह ओढते ते मीटरनं मोजा. जुन्या मोटरचा हा प्रवाह डीकोडरच्या मर्यादेबाहेर गेला की डीकोडर जळतो, आणि तो दोष विकणाऱ्याचा धरला जात नाही.

मार्कलिन, अमेरिका, जपान

मार्कलिनचं एचओ रुळांच्या मधल्या टिपक्यांवरून वीज घेतं, इंजिनाखाली लांब सरकपट्टी असते. ‘एचओ’ वाचून ते दोन रुळी डीसी ट्रॅकवर ठेवाल तर चालणार नाहीच, शिवाय चाकं इन्सुलेटेड नसल्यामुळे डबासुद्धा शॉर्ट करेल. खालून काढलेल्या फोटोत सरकपट्टी दिसते.

अमेरिकेहून नातेवाइकांनी आणलेल्या किंवा तिथून मागवलेल्या सेटचा ट्रान्सफॉर्मर 120 व्होल्टचा, जपानचा 100 व्होल्टचा. आपल्या 230 व्होल्टच्या सॉकेटमध्ये तो थेट लावला तर जळतो. ओएलएक्सवर ‘कधीच न वापरलेला, नवा कोरा’ म्हणून येणाऱ्या अशा सेटचा ट्रान्सफॉर्मर मुळात आपल्याकडे चालणारा आहे का, हे आधी विचारा. गाडी चांगली असते. कंट्रोलरचा खर्च भावातून वजा करा. आणि बॅटरीवर चालणाऱ्या, प्लॅस्टिकच्या रुळांच्या खेळण्यावर ‘एचओ’ छापलेलं असलं तरी ते खेळणंच. आकारांचा अंदाजच नसेल तर पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे, 1998 पासूनचं. चालत्या गाड्या समोर बघून आला की फोटोतलं बरंच कळू लागतं.

वर्णनाशी जुळलं नाही तर

ईबेवर माल पोचल्यापासून साधारण 30 दिवसांत ‘वर्णनाप्रमाणे नाही’ या कारणाखाली दावा करता येतो. जाहिरातीत ‘परत घेणार नाही’ लिहिलेलं असलं तरी. ब्रिटनमध्ये विकणारा व्यावसायिक असेल तर तिथल्या ग्राहकाला 14 दिवसांत कारण न देताही खरेदी रद्द करता येते. खासगी विक्रेत्याला हे लागू नाही, पण खोटं वर्णन त्यालाही चालत नाही.

दाव्यात राग नको, ताळमेळ हवा: वर्णनातलं वाक्य, खाली त्याला खोटं ठरवणारा फोटो. ‘डीसीसी फिटेड लिहिलं होतं, आत रिकामं 8 पिनांचं सॉकेट आहे.’ एवढं पुरतं. विक्रेता काही रक्कम परत देऊन मिटवू म्हणाला तर दुरुस्तीचा खरा खर्च काढा, डीकोडर, सुटा भाग, त्याचं टपाल असा, आणि त्याहून कमी घेऊ नका. भारतातून परत पाठवायचं टपाल इंजिनाच्या किमतीएवढं होत असेल, तर परतीचा खर्च कोण देणार हे लेखी आल्याशिवाय पार्सल हलवू नका.